पेशंटच्या घरात असताना फोन

आजोबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. वॉकर सोडून काठीवर यायचा तो दुसराच दिवस. घराच्या लांबट पॅसेजमध्ये आम्ही चालत होतो. मी त्यांच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागे, एक हात कमरेच्या पट्ट्यावर. माझा फोन डायनिंग टेबलावर होता आणि तो वाजला.

आजोबा सज्जन माणूस. "घ्या हो डॉक्टर, महत्त्वाचा असेल," असं म्हणत ते टेबलाकडे वळले. मान आणि खांदे वळले, ऑपरेशनचा पाय मात्र जागेवरच राहिला, आणि काठी जमिनीवरून उचलली गेली. मी त्यांना धरलं, आम्ही दोघं भिंतीला टेकलो. ते पडले नाहीत. पण पुढचे चार दिवस ते पॅसेजमध्ये यायलाच तयार नव्हते, सगळे व्यायाम पलंगावरच करायचे म्हणत होते. आठवडाभराने त्यांच्या सूनबाईंचा मेसेज आला, "सध्या थांबूया, गरज लागली की कळवतो." फोन दुसऱ्या एका पेशंटच्या मुलीचा होता. उद्या अकराऐवजी बाराला या, एवढंच तिला सांगायचं होतं.

पुण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करायला लागून मला अकरा वर्षं झाली. इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात स्नायू, सांधे, नसा, मशिनं, सगळं शिकवलं गेलं. दुसऱ्याच्या घरात एकटीने काम करताना स्वतःच्या फोनचं काय करायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. हॉस्पिटलमध्ये रिसेप्शन असतं, वॉर्डात सिस्टर असतात. स्वतंत्र काम सुरू केलं की रिसेप्शन, हिशेब आणि जाहिरात, सगळं त्या एका फोनमध्ये येतं. तो बंद ठेवायची भीती वाटते आणि चालू ठेवला तर वर सांगितलं तसं होतं. ज्या मुलामुलींनी नुकतं नोंदणी करून होम व्हिजिट घ्यायला सुरुवात केली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

फोन न घेणं हा आपल्याकडे शिष्टाचाराचा भाग समजला जातो. आपल्या कामात तो आधी सुरक्षेचा भाग आहे. १९९७ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वीडनच्या संशोधकांचं एक छोटंसं निरीक्षण छापून आलं होतं. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा सुरू करायच्या आणि कोण थांबतं ते बघायचं, इतकी साधी कल्पना. १२ जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. म्हातारपणी चालणं आपोआप होत नाही, त्याला लक्ष द्यावं लागतं, आणि ते लक्ष दुसरीकडे गेलं की तोल जातो. पार्किन्सनच्या पेशंटचं तर दारातून वळताना लक्ष विचलित झालं की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तुमची रिंगटोन ही त्यांच्यासाठी अशीच एक हाक असते. घरातल्या माणसाला पाहुण्याचा फोन वाजला की त्याच्याकडे बघावंसं वाटतंच.

म्हणून माझा पहिला नियम असा की फोन टेबलावर ठेवायचा नाही आणि खिशातही नाही. बॅगेच्या बाहेरच्या चेनच्या कप्प्यात, पूर्ण सायलेंट करून. व्हायब्रेटवर ठेवून भागेल असं वाटतं, पण दुपारच्या शांत घरात लाकडी टेबलावर थरथरणारा फोन रिंगपेक्षा जास्त दचकवतो, आणि खिशात थरथरला तर तुमचाच हात क्षणभर सैल पडतो. बॅग मात्र त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर हवी. चपलांच्या रॅकपाशी ठेवू नका. व्यायाम करताना पेशंटच्या छातीत कळ आली, बोलणं अडखळलं, तर १०८ लावायला फोन धावत जाऊन आणावा लागता कामा नये.

"पण माझं लहान मूल पाळणाघरात आहे," हा प्रश्न मला ज्युनियर मुली हमखास विचारतात. माझंही होतं. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये ठरावीक नंबरांना परवानगी देता येते, शिवाय त्याच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू देण्याची सोयही असते. आयफोनमध्ये हीच सोय तीन मिनिटांची आहे. मी तीनच नंबर मोकळे ठेवले, शाळा, घर आणि आई. घरी सांगून ठेवलं की खरंच तातडी असेल तरच लागोपाठ दोनदा लावा. आणि त्या काळात सेशन सुरू करण्याआधी पेशंटला सांगायचे, "मुलगा आज तापाने घरी आहे. फोन वाजला तर आधी तुम्हाला बसवेन आणि मगच घेईन." हे सांगितलेलं असलं की कुणाला वाईट वाटत नाही. उलट दुसऱ्या दिवशी दारातच विचारतात, ताप उतरला का. पेशंटला आधी बसवणं हा भाग मात्र कधीच सोडायचा नाही. हात धरून उभं केलेल्या माणसाला एका हाताने सांभाळत दुसऱ्या हाताने फोन कानाला लावणारे मी पाहिले आहेत, आणि मला ते बघवत नाही.

आता भीतीबद्दल बोलते, कारण ती खरी आहे. सुरुवातीच्या वर्षात महिन्याचं उत्पन्न चार-पाच पेशंटवर चालतं आणि मिस्ड कॉल म्हणजे गेलेला पेशंट असं वाटत राहतं. माझा अनुभव तसा नाही. घरच्या माणसाच्या ऑपरेशननंतर थेरपिस्ट शोधणारं कुटुंब अर्ध्या तासात निर्णय घेत नाही. ते दोघा-तिघांना विचारतात, डॉक्टरांना विचारतात. त्यांना हवं असतं ते उत्तर येईल याची खात्री. मी व्हॉट्सॲप बिझनेसवर आपोआप जाणारा मेसेज लावला आहे, "नमस्कार. मी आत्ता पेशंटकडे आहे. दीड ते दोन किंवा संध्याकाळी सातनंतर मी स्वतः फोन करीन. तातडी असेल तर आपल्या डॉक्टरांना किंवा १०८ला फोन करा." आणि मग दीड वाजता खरोखर फोन करते. स्कूटर सावलीत लावून, वही काढून, एकेक. दीड म्हटलं आणि तीनला केला, तर त्या मेसेजला काही अर्थ राहत नाही. एका नव्या पेशंटच्या मुलाने मला सांगितलं होतं, "तुम्ही फोन उचलला नाहीत तेव्हाच वाटलं, आमच्या आईकडे असतानाही उचलणार नाही."

जाहिरातींचे फोन बंद व्हावेत म्हणून १९०९ वर नोंद करून टाका. १४०ने सुरू होणारे नंबर हे प्रचाराचे असतात, ते परत लावायची गरज नाही. एवढं केलं तरी दिवसाचे बरेच मिस्ड कॉल कमी होतात.

ज्या मुलांना ॲपवरून काम मिळतं त्यांची अडचण थोडी वेगळी आहे. तिथे आल्याची नोंद, ओटीपी, काम संपल्याची नोंद, सगळं फोनवरच करावं लागतं आणि मध्येच नव्या बुकिंगचा आवाज येतो. ओटीपी दारातच घ्या, बूट काढायच्या आधी. मग पेशंटला दिसेल असा फोन बॅगेत टाका. हे दिसणं महत्त्वाचं आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. कोथरूड काय किंवा सहकारनगर काय, इथे सगळे एकमेकांना ओळखतात. एका घरात बसून तुम्ही फोनवर म्हणालात, "हो, काकांचा उजवा हात अजून उचलत नाही, लघवीचं पण तसंच आहे," तर समोरच्या आजींना ते काका कोण हे कळायला इमारतीचं नाव पुरतं. त्या आजी तेव्हा काही बोलत नाहीत. पण आपल्याबद्दलही दुसऱ्या घरी असंच बोललं जात असणार, हे त्यांच्या मनात बसतं, आणि मग त्या तुम्हाला पाठदुखीबद्दल सांगतात पण कपडे ओले होतात हे सांगत नाहीत. उपचार तिथे अडतो. दुसऱ्या पेशंटबद्दलचं एकही वाक्य या घरात बोलायचं नाही. जिन्यातही नको, जिन्यात आवाज वर जातो.

यातच नंबर सेव्ह करण्याची सवय येते. सोयीसाठी आपण आडनावापुढे 'पॅरालिसिस' किंवा 'पार्किन्सन' असं लिहून नंबर ठेवतो. ते नाव स्क्रीनवर झळकलं की शेजारी बसलेल्याला आजारासकट सगळं कळतं. मी आता आडनाव आणि पेठ किंवा रस्ता, एवढंच लिहिते. आजार वहीत. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद केलं आहे.

फोन हे आपलं साधनही आहे, हे मान्य. वेळ मोजायला, कोन मोजायला, पार्किन्सनच्या पेशंटला ठेका देऊन चालवायला मेट्रोनोम म्हणून तो उपयोगी पडतो. पण तुम्ही स्क्रीनकडे बघत असता तेव्हा तुम्ही सेकंद मोजताय की मेसेज वाचताय, हे खुर्चीवरून उठायची धडपड करणाऱ्या माणसाला कळत नाही. त्याला एवढंच दिसतं की मी इकडे मरमर करतोय आणि ही फोनमध्ये आहे. मी खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येण्याची चाचणी मनगटावरच्या साध्या घड्याळावर घेते. मेट्रोनोम लावायचाच असेल तर विमानाचं चिन्ह दाबते, स्क्रीन पेशंटला दाखवते, "हा टकटक आवाज तुमच्या पावलांसाठी," असं म्हणते आणि फोन पालथा ठेवते.

व्हिडिओच्या बाबतीत मी कडक आहे. व्यायामाचा व्हिडिओ घ्यायचा तर घरच्यांच्या फोनवर. तो त्यांच्याकडे राहतो, रोज बघून व्यायाम करता येतो, आणि माझ्या फोनमध्ये कुणाच्या आईचा नाइटगाऊनमधला व्हिडिओ पडून राहत नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवरच उभा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, पहिलं पाऊल टाकताना रडणाऱ्या बाईचा चेहरा इन्स्टाग्रामवर टाकून पेशंट मिळवावेत, असं मला वाटत नाही. टाकायचाच असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि ती पेशंटची स्वतःची हवी, फक्त मुलाची नव्हे.

पैशांसाठी क्यूआर कोड छापून, लॅमिनेट करून बॅगेत ठेवा. आपला फोन उघडून दाखवायची गरजच पडत नाही. महिन्याचे पैसे आले का, हे घराबाहेर पडल्यावर बघा.

फोन हातात घ्यायलाच हवा असे प्रसंगही असतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एका पायाची पोटरी अचानक सुजलेली, दुखरी, गरम लागली, तर व्यायाम थांबवून मी तिथेच सर्जनना फोन लावते. रक्ताची गुठळी असू शकते. पेशंटसमोर बोलते, पण आधी घरच्यांना सांगते की मी कुणाला आणि का फोन करते आहे. हा फोन त्याच पेशंटसाठी असतो, त्यामुळे तो कुणालाही खटकत नाही.

आता एक अगदी छोटी गोष्ट, पण मला विचाराल तर सगळ्यात आधी पाळावी अशी. इमारतीखाली पोचल्यावर "मी आले" म्हणून पेशंटला फोन करू नका. एकट्या आजी असतील तर त्यांचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला असतो. रिंग वाजली की त्या घाईने उठतात, वॉकर विसरतात, स्लिपरमध्ये अडखळतात. आपण ज्यांना पडण्यापासून वाचवायला जातो, त्यांना आपल्याच फोनने धावायला लावायचं नाही. सांभाळणाऱ्या ताईंना फोन करा, नाहीतर मुलाला. कुणीच नसेल तर आदल्या दिवशीच वेळ पक्की करा आणि बेल एकदाच वाजवून थांबा. दार उघडायला तीन मिनिटं लागली तरी उभं राहा.

पेशंटच्या फोनचं काय, तर तोही मी सुरुवातीलाच विचारते. "आज कुणाचा यायचा आहे का?" पुण्यातल्या अर्ध्या घरांत मुलगा किंवा मुलगी परदेशात असते आणि सकाळचं सेशन हीच त्यांची झोपण्याआधीची वेळ असते. आईला चालताना बघायचं असतं त्यांना, आणि ती ओढ मला कळते. पूर्वी सांभाळणाऱ्या ताई व्हिडिओ कॉल चालू ठेवून आमच्यापुढे उलट्या चालत जायच्या, आजी स्क्रीनकडे बघून हसायच्या आणि मी घामाघूम व्हायचे. आता मी वेळच बांधून दिली आहे. शेवटची दहा मिनिटं त्यांची. आजी खुर्चीत बसून बोलतात, मी लेकीला काय सुधारलं ते सांगते, आणि लेकीला चालणं बघायचंच असेल तर फोन स्टँडवर, आजींच्या पाठीमागे, आवाज बंद. न्यू जर्सीतल्या एका मुलीबरोबर आमचं सकाळी आठ पन्नासचं ठरलं आहे, म्हणजे तिच्याकडे रात्रीचे अकरा वीस. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे गेली की तिच्याकडे दहा वीस होतात. त्या आठवड्यात आजींना आधीच आठवण करून द्यावी लागते, नाहीतर लेकीचा फोन तासभर उशिरा, मी निघून गेल्यावर येतो.