भाच्याला जर्मनीला पाठवताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. दोन भाचे आणि एक पुतण्या जर्मनीला आउसबिल्डुंगला लागले, तेव्हापासून रविवारी शहापूर-वडगावातून कुणी ना कुणी पोराला घेऊन दारात उभं असतं. "काका, ह्याचं पण बघा की जरा." बघतो. पण त्याच त्याच चुका बघून आता वैताग आलाय.

आउसबिल्डुंग म्हणजे कारखान्याशी करार करून शिकणं. काही दिवस काम, काही दिवस व्यवसायशाळा, असं दोन ते साडेतीन वर्षं. ते पुरं करून त्याच कामात दोन वर्षं नोकरी झाली आणि पेन्शनचे हप्ते भरले, की तिथं कायमचं राहायच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. 'पुरं करून' एवढंच नेमकं पोरांना ऐकू येत नाही. त्यांना विमान दिसतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे भाषा उरकणं. व्हिसासाठी जर्मनची साधारण बी-१, म्हणजे मधली पातळी लागते, म्हणून चार महिन्यांचा क्लास लावायचा, नमुना पेपर घोकायचे आणि सर्टिफिकेट फायलीत लावायचं. माझ्या धाकट्या भाच्यानं हेच केलं. आयटीआय फिटर, हात असा की लेथवर डोळे मिटून काम करेल. पास झाला तेव्हा मीच गल्लीभर कुंदा वाटला. मग व्हिडिओ कॉलवर मुलाखत. मालकानं विचारलं, भोकात ड्रिल अडकलं तर काय करशील? पोरानं शांतपणे सांगितलं, "माइन हॉबी इस्ट क्रिकेट." माझा छंद क्रिकेट! प्रश्नातला एक शब्द कळला नव्हता, म्हणून पाठ होतं ते बोलून टाकलं. मालक बिचारा हसला. मी लॅपटॉपच्या मागं बसून घामाघूम. नकार आला आणि भरतीचं ते वर्ष गेलं.

त्या वर्षात वर्कशॉपमधल्या प्रत्येक हत्याराला चिठ्ठी चिकटवली. व्हर्नियरवर 'मेसशीबर', कानशीवर 'फाइले', ड्रिलवर 'बोरर'. रात्री जेवताना दिवसभरात काय काम केलं ते त्यानं जर्मनमध्ये सांगायचं. मला ओ की ठो कळत नव्हतं, पण कुठं अडखळला ते बरोबर कळायचं. तिथं थांबवायचं, उद्या तोच शब्द परत. माझ्या बहिणीला हा छळ वाटला. पुढच्या वर्षी करार झाला. तिकडची व्यवसायशाळा आणि शेवटची परीक्षा दोन्ही जर्मनमध्येच असतात, तिथं घोकलेलं बी-१ पुरत नाही. ज्याला घाई आहे त्यानं दुबईचं बघावं.

दुसरं दुखणं आपल्या सीमाभागाचं खास. दहावीच्या मार्क्स कार्डावर नाव आणि पुढं दोन इनिशियल. पासपोर्टवर वडिलांसकट पूर्ण नाव. जन्मदाखल्यावर कन्नडातून इंग्रजीत आलेलं तिसरंच स्पेलिंग. एका कागदावर परशराम, दुसऱ्यावर परशुराम. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या-नव्या कागदांवर गावाचं नावही जुळत नाही. गावाचं निभतं, माणसाच्या नावाचं नाही. "मरू दे, चालतंय" म्हणत आमचा पुतण्या बसला आणि दुरुस्त्यांत पाच महिने गेले. आता माझ्याकडं कुणी आलं की आधी सगळे कागद टेबलावर ओळीनं मांडायला लावतो आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचतो. क्लासची फी त्यानंतर.

अर्ज कुठं करायचा, यातही गोंधळ. आपलं मन पुण्या-मुंबईकडं धावतं, आत्या तिकडं राहते ना! भाषेची परीक्षा पुण्यात द्या, हरकत नाही. व्हिसाचा अर्ज मात्र बेळगावकरानं बेंगळुरूच्या जर्मन वकिलातीकडं करायचा, महाराष्ट्रातल्या चंदगडकरानं मुंबईच्या. दोन्हीकडची माणसं बाजाराला रोज एकाच एसटीनं येतात, पण वकिलात पत्ता बघते. सीमाप्रश्न तिला सांगून उपयोग नाही.

एजंटाबद्दल थोडक्यात. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी झालेल्या भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाखांची भाषा सुरू झाली की मी चहाचा कप खाली ठेवतो. करार खरा की खोटा हे तिथल्या उद्योग किंवा कारागीर चेंबरला ईमेल करून विचारा. करारांची नोंद त्यांच्याकडं असते.

विद्यावेतनाला शंभरानं गुणून खूश होऊ नका. २०२५ साली सुरू झालेल्या प्रशिक्षणात पहिल्या वर्षाची किमान रक्कम महिन्याला ६८२ युरो होती. विमा आणि खोलीभाडं त्यातूनच. कमी पडेल तेवढी रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, आधी दाखवावी लागते.

आणि सुरुवातीचे एक ते चार महिने चाचणीचे असतात. या काळात मालक कारण न देता करार मोडू शकतो. सातची पाळी म्हणजे सातला गेटवर नव्हे, कपडे बदलून मशीनपाशी. थोरल्या भाच्याला हे मी इथूनच शिकवून पाठवलं होतं, सहा महिने पहाटे साडेपाचला उठवून. तो अजून त्यावरून मला शिव्या घालतो.