थंडीत केस कलर करायचेत? मग दोन महिन्यांनी कसे दिसतील ते आधी बघा

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते आणि ठाण्यात नौपाडा काय नि नवी मुंबईत वाशी काय, शनिवार-रविवारी पार्लरमधे बसायला खुर्ची मिळत नाही. निम्म्या जणी कलरसाठी आलेल्या असतात आणि मोबाइलमधला एक फोटो पुढे करून "सेम असा करा" सांगतात. फोटोतला कलर छानच असतो पण तो पहिल्या दिवसाचा असतो ना. आपल्याला तो डोक्यावर घेऊन अख्खा हिवाळा काढायचाय, त्यात लोकलचा वारा आला, गिझरचं कढत पाणी आलं, संक्रांतीची हळदीकुंकवं आली. म्हणून माझा आग्रह एकच, लावल्यावर कसा दिसतो ते नंतर बघा, उतरताना कसा दिसेल ते आधी विचारा. जो कलर उतरतानाही बरा दिसतो तोच कमी मेंटेनन्सचा.

आता तो उतरताना का बिघडतो, हे एकदा समजून घेतलं की निवडणं खूप सोपं होतं. शेड कार्डवर १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे एकदम फिकट ब्लॉंड, ह्या आकड्यालाच लेव्हल म्हणतात, आपण बहुतेक सगळे १ ते ३ च्या मधे बसतो. टिंबानंतरचा आकडा म्हणजे झाक, बऱ्याच कंपन्यांमधे .१ राखाडी, .३ सोनेरी, .४ तांबूस, .५ महोगनी, .६ लाल. म्हणजे ट्यूबवर ५.३ असेल तर फिकट ब्राऊन त्यात सोनेरी झाक. काळ्या केसांत दोन प्रकारची रंगद्रव्यं असतात, काळं-तपकिरी आणि तांबूस-पिवळं, आणि डेव्हलपर म्हणजे ट्यूबमधे मिसळायचं जे द्रावण असतं त्यातलं पेरॉक्साइड आधी काळं-तपकिरी खातं, त्यामुळे मागे उरतो तो लाल-नारिंगी. त्या नारिंगीवर तुम्ही अॅश ब्राऊन चढवला तर पहिले दोन-तीन आठवडे मस्त धुरकट दिसतो, मग राखाडी झाक धुऊन जाते आणि खालचा नारिंगी वर येतो. ऐरोलीला माझी मावसबहीण राहते, तिचं अगदी हेच झालं, भावाच्या लग्नात अॅश ब्राऊन, पूजेच्या फोटोत ब्राऊन आणि महिन्याभराने भांगाच्या दोन्ही बाजूंना पितळेची झाक, कपाळाजवळच्या बारीक केसांत तर सगळ्यात जास्त कारण तिथले केस नाजूक असतात, लवकर उजळतात. तिला वाटलं कलर खराब होता. कलर ठीकच होता, काळ्या केसांवर अॅश टिकवायचा तर सारखं टोनर, म्हणजे नको ती झाक दाबणारा हलका रंग, लागतं एवढं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा थंडीसाठी उबदार झाकेचे, म्हणजे सोनेरी, तांबूस, लालसर कलर घ्या. खालून जे वर येणारे ते लाल-नारिंगीच आहे, मग वरचाही त्याच घरातला असला की उतरताना भांडण होत नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या नैसर्गिक केसांपासून दोन लेव्हलच्या वर जाऊ नका. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. नोव्हेंबरच्या मध्यात कलर केला तर संक्रांतीपर्यंत भांगात दोन-अडीच सेंटीमीटर आपले केस दिसणारच. फरक दोन लेव्हलचा असेल तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही, पाच लेव्हलचा असेल तर समोरचा बोलताना डोक्याकडेच बघतो. शिवाय दोन लेव्हलसाठी २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्क्यांचा डेव्हलपर पुरतो, ब्लीच लागत नाही. पार्लरमधे कोणी ४० व्हॉल्यूम म्हणजे १२ टक्केवालं काढलं तर सरळ विचारा ताई हे कशाला, विचारायला लाजायचं काही कारण नाही, डोकं आपलं आहे. आणि हो, हे सगळं व्हर्जिन, म्हणजे कधीच कलर न केलेल्या केसांचं. आधीच कलर केलेल्या केसांवर फिकट शेडची ट्यूब लावून ते उजळत नाहीत, रंगावर रंग लावून रंग निघत नाही, त्याला ब्लीचच लागतं. नाहीतर काय होतं, नवीन वाढलेली मुळं तेवढी उजळतात आणि खालची लांबी होती तशीच राहते.

आता शेड्स. माझ्या मते आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला थंडीत सगळ्यात शोभणारा म्हणजे चेस्टनट, चिंचोक्याच्या रंगाचा समजा, गडद तपकिरी आणि उन्हात आत थोडा लाल. लेव्हल ४ च्या आसपास. घरात काळाच वाटतो, गच्चीवर किंवा तलावपाळीला सकाळच्या उन्हात उभं राहिलं की दिसतो, आणि उतरताना नुसता ब्राऊन होतो. त्याच्याही खालचा डार्क चॉकलेट, लेव्हल ३, हा तर ज्यांना "कलर केलाय का गं?" असं कोणी विचारूच नये असं वाटतं त्यांच्यासाठी, केस फक्त दाट आणि चमकदार दिसतात. हा डेमी-परमनंटमधे करून घ्या, म्हणजे केस न उजळता नुसता रंग बसतो आणि हळूहळू धुऊन जातो, मुळाशी रेघच पडत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

बरगंडी आणि महोगनी आपल्याकडे कायम चालतात आणि का चालतात ते संक्रांतीला काळी साडी नेसलेल्या बाईकडे बघितलं की कळतं, काळ्यावर तो वाइनसारखा लाल फार सुरेख उठतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. लाल लवकर फिका पडतो, पहिल्या काही धुण्यांना टॉवेलला आणि उशीच्या अभ्र्याला लागतो, तेव्हा पांढरे अभ्रे काढून ठेवा. आणि ऑफिसच्या ट्यूबलाइटमधे तो काळाच दिसतो. तुम्ही घणसोली नाहीतर महापेला सकाळी आत शिरून संध्याकाळी अंधार पडल्यावर बाहेर येत असाल तर आठवड्याचे पाच दिवस तो कोणाला दिसणारच नाही. काहींना तेच हवं असतं, ऑफिसमधे साधं आणि लग्नात, उन्हात, फोटोत लाल. तसं असेल तर बेस्ट.

कॅरॅमल, सिनॅमन, हनी ह्या लेव्हल ६-७ च्या शेड्स म्हणजे ब्लीच आलंच. त्या पूर्ण डोक्याला करू नका, बालायाज करा. म्हणजे मुळं आपलीच ठेवून कानाच्या खालपासून बटा हाताने हलक्या करत नेतात. पहिल्यांदा खर्च जास्त आणि तीन-चार तास बसावं लागतं पण मग चार-सहा महिने मुळांकडे बघायला नको, कारण मुळांना हातच लावलेला नाही. कॅरॅमलला नारिंगी चालतो त्यामुळे पिवळं होईपर्यंत ब्लीच करायची गरज पडत नाही, केस तेवढे वाचतात. मधे एकदा टोनर किंवा ग्लॉस (केस न उजळता रंग आणि चमक देणारा हलका थर) मारून घेतला की झालं. पैसे ठरवताना टोनर धरून आहे का वेगळा, आणि लांबीप्रमाणे वाढणार का, हे आधी विचारून घ्या, बिल बघून मूड जायला नको. प्लॅटिनम, सिल्व्हर, निळा-जांभळा ह्यांच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, ते सुंदर असतात पण कमी मेंटेनन्समधे बसत नाहीत.

चेहऱ्याला काय शोभेल हे बघायला मनगटाच्या निळ्या-हिरव्या शिरा बघायला सांगतात, त्यावर माझा फार विश्वास नाही, सावळ्या हातावर त्या नीट दिसतसुद्धा नाहीत. कपाटातून एक मोहरी नाहीतर विटकरी रंगाची ओढणी काढा आणि एक वाइन किंवा जांभळट. सकाळी खिडकीशी, लाइट बंद करून, तोंडाला काही न लावता एकेक गळ्याशी धरा. मोहरीने चेहरा उजळला, डोळ्यांखालचं काळं कमी वाटलं तर कॅरॅमल, सिनॅमन, तांबूस तुमचे. वाइनने उजळला तर बरगंडी, महोगनी, थंड झाकेचा (लालसर नसलेला) चॉकलेट. दोन्हीने फरक पडत नसेल तर चेस्टनट घ्या आणि निवांत राहा. भुवयांकडेही बघा, केस भुवयांपेक्षा फारच फिकट झाले तर चेहरा आणि केस वेगवेगळ्या माणसांचे वाटतात. पार्लरमधे शेड कार्ड बघताना पण पिवळ्या लाइटखाली ठरवू नका, कार्ड घेऊन दारात या, खरा रंग तिथे कळतो.

पांढरे केस असतील तर हिशोब बदलतो. थोडेच असतील, इकडेतिकडे, तर डेमी-परमनंटने ते झाकत नाहीत पण मिसळतात, आजूबाजूच्यापेक्षा जरा फिकट दिसतात आणि हायलाइटसारखे वाटतात. निम्म्याहून जास्त असतील आणि पूर्ण झाकायचे असतील तर परमनंट आणि दर तीन-चार आठवड्यांनी टच-अप, त्याला शॉर्टकट नाही. मात्र एकदम काळा करू नका. काळ्याशेजारी पांढरी मुळं पंधरा दिवसांत रेघ मारल्यासारखी दिसतात, मिडियम ब्राऊनशेजारी तेवढी दिसत नाहीत. आणि नुसता बरगंडी पांढऱ्या केसांवर लावला तर तो गुलाबीकडे जाऊन भडक दिसतो, त्यात त्याच लेव्हलची नॅचरल शेड मिसळायला सांगा. ह्या वर्षी कलर बंदच करायचा विचार असेल तरी ती सुरुवात थंडीतच करा, बारीक फिकट हायलाइट्स करून घेतले की पांढऱ्यात आणि जुन्या कलरमधे सीमारेषा राहत नाही.

मेंदी लावत असाल तर ती लपवू नका, पार्लरमधे सगळ्यात आधी तेच सांगा. शुद्ध मेंदीवर गडद कलर चालतो पण ती केसांत घट्ट बसते, उजळायला गेलं की ठिकठिकाणी वेगळा रंग येतो. इंडिगो म्हणजे नीळ मिसळलेली असेल तर ब्लीचनंतर हिरवट झाक येऊ शकते. आणि काही पाकिटातल्या मिक्स मेंदीत धातूचे क्षार असतात, ते पेरॉक्साइडला लागले की तापतात, केस तुटतात. खात्री नसेल तर मागची एक बारीक बट कापून तिच्यावर आधी करून बघायला सांगा.

पॅच टेस्टबद्दल मी खरंच हात जोडून सांगते, टाळू नका. गडद परमनंट कलरमधे बहुतेक वेळा पीपीडी असतं, पॅराफिनिलीनडायअमिन, त्याची अॅलर्जी इतकी वर्षं न होता अचानक होऊ शकते. "काळी मेंदी" म्हणून मिळते तिच्यातही ते असतं, लहानपणी अशा मेंदीने हाताला फोड आले असतील तर कलरच्या आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. अमोनिया-फ्री म्हणजे पीपीडी-फ्री असंही नाही, पाकिटाची मागची बाजू वाचा. कानामागे थोडा कलर लावून ४८ तास वाट बघायची, खाज, लाली, सूज काहीही आलं तर तो कलर लावायचा नाही. लग्न असेल तर कलर आठ-दहा दिवस आधी करा, कपाळावरचे डाग जातात, रंग बसतो आणि काही दुरुस्ती लागली तर वेळ हातात असतो.

टिकवण्याच्या बाबतीत आपल्याकडची थंडी तशी मदतच करते, घाम कमी त्यामुळे आठवड्यात दोनदा धुतलं तरी पुरतं. शत्रू गिझर आहे. पहाटे १६-१७ डिग्री झालं की आपण पाणी कडकडीत घेतो आणि तेच डोक्यावर ओततो. अंगाला घ्या हवं तेवढं गरम, केसांना कोमटच. कलर केल्यावर दोन-तीन दिवस शाम्पू नको, नंतर सल्फेट-फ्री. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी, किंवा जिथे जिथे टँकर नाहीतर बोअरचं पाणी येतं तिथल्या सगळ्यांनीच, शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे घ्यावेत, जड पाण्यातले क्षार केसांवर बसून चेस्टनटसुद्धा मळकट दिसायला लागतो. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येणाऱ्यांना हा त्रास कमी. आणि धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल तेल लांबीला लावाच. केसांतलं प्रोटीन कमी जातं हे २००३ मधे मॅरिकोच्याच, म्हणजे पॅराशूट तेलवाल्या कंपनीच्याच, संशोधकांनी छापलं होतं, सूर्यफूल आणि मिनरल ऑइलशी तुलना करून. तेल २४ डिग्रीच्या आसपास गोठतं, तर बाटली गरम पाण्यात ठेवा, गॅसवर नको.

पुढच्या वेळी जाताना दोन गोष्टी करा. ह्या वेळी वापरलेल्या ट्यूबच्या नंबराचा आणि डेव्हलपरच्या बाटलीचा फोटो मोबाइलमधे काढून ठेवा, म्हणजे पार्लर बदललं किंवा घरी केलं तरी तीच शेड मिळते. आणि टच-अपला परमनंट कलर फक्त वाढलेल्या मुळांना लावायला सांगा, लांबीवर पुन्हा पुन्हा ओढला की टोकं काळपट आणि कोरडी होतात. लांबी फिकी वाटत असेल तर तिथे नुसता ग्लॉस.