शेलीचा शाकाहार कसा वाचावा

इंग्रज कवी शेली म्हटलं की बहुतेक जण पश्चिमी वाऱ्यावरच्या त्या प्रसिद्ध कवितेपासून सुरुवात करतात. मी मात्र माझ्या विद्यार्थ्यांना 'क्वीन मॅब'च्या टिपा आधी उघडायला लावते. ही दीर्घकविता त्याने १८१३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, खासगीत छापून घेतली. टिपांमधली एक लांबलचक टीप मांसाहाराविरुद्ध आहे. ती त्याच वर्षी स्वतंत्र पुस्तिका म्हणूनही निघाली. प्रत घेताना टिपा आहेत ना, एवढं बघून घ्या.

वाचायला बसताना आपलं सोवळंओवळं, जात, एकादशी बाजूला ठेवा. नास्तिकतेवरच्या पत्रकापायी ऑक्सफर्डमधून काढून टाकलेला हा मुलगा. पापपुण्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. १८१२च्या मार्चमध्ये त्याने आणि त्याची पहिली बायको हॅरिएट हिने मांस सोडलं ते डब्लिनमध्ये, आयरिश जनतेच्या हक्कांसाठी खटपट चालू असताना. राजकारण आणि ताट त्याच्या लेखी वेगळं नव्हतंच.

टिपेतला प्रोमिथियसचा भाग भरभर वाचला तरी चालेल. ग्रीक पुराणकथेत हा देवांकडचा अग्नी चोरून माणसाला देतो आणि शिक्षा म्हणून गिधाड त्याचं यकृत कुरतडतं. अग्नी आला, मांस शिजू लागलं आणि यकृत कुरतडणारं गिधाड म्हणजे त्यातून आलेले रोग, असा तो अर्थ लावतो. कल्पना देखणी आहे, वैद्यक कच्चं.

जमिनीचा हिशेब येतो तिथे मात्र थांबा, दोनदा वाचा. बैल पोसायला जेवढं वनस्पतिज अन्न लागतं, ते थेट जमिनीतून घेतलं तर दहापट पोषण होईल, असं शेली म्हणतो. मांस खाणारा मक्तेदार एका जेवणात एकरभर जमीन गिळतो, हे त्याचंच म्हणणं. शेतकऱ्याने असले चोचले पुरवायचे तर घरच्यांना उपाशी ठेवावं लागेल, हेही तो सांगतो. माझ्या मते सगळ्या टिपेचा जीव इथे आहे. कोकराची दया नंतर येते.

आता 'क्वीन मॅब'च्या आठव्या सर्गात जा. माणूस आता कोकराला मारत नाही, आणि ते कोकरू कसं, तर त्याच्या तोंडाकडे बघणारं. नजर कोकराची आहे, हे चुकवू नका. मग १८१७ मध्ये लिहिलेल्या 'लाओन अँड सिथना' या त्याच्या दीर्घकवितेचा पाचवा सर्ग घ्या. जुलमी राजा पदच्युत झाल्यावर लोक जेवायला बसतात, तेव्हा पानात काय आहे? डाळिंबं, खरबुजं, खजूर, अंजीर, द्राक्षं. रक्ताचा थेंब नाही. एकराचा तो हिशेब मनात ठेवून ही पंगत वाचा. मुक्त झालेल्या लोकांनी काय खावं, हे तो किती गांभीर्याने लिहितो ते कळेल.

शेली पक्का शाकाहारी नव्हताच म्हणत कुणी १८१५च्या टेम्स नदीवरच्या सहलीचा दाखला देईल: शेली आजारी पडला, त्याचा लेखक-मित्र पीकॉकने मटण चॉप्स खायला लावले आणि तो बरा झाला. नाकारू नका. १८२० साली मारिया गिसबॉर्न या मैत्रिणीला लिहिलेल्या काव्यपत्रात शेली स्वतःच सांगतो की आम्ही मांस थोडंच खातो आणि वाइन पीत नाही. 'थोडंच' म्हणतो, 'मुळीच नाही' म्हणत नाही. पत्र पूर्ण वाचा; चहा, टोस्ट आणि कस्टर्डचा बेतही त्यात आहे.