१२० अंशांवर साडेतीन तास: केटल ग्रिलवर बोकडाच्या बरगड्या

मटणाच्या दुकानात ‘चाप’ म्हटलं की सत्तूर चालायला लागतो आणि पिशवीत तुकडे येतात. म्हणून आधीच सांगा: एक अख्खी बाजू, सीन्यासकट, न तोडता. अशी बाजू साधारण किलोभर भरते. आतल्या अंगाला हाडांवर चिकटलेला पातळ पापुद्रा असतो. चमच्याच्या दांडीने त्याचं एक टोक सोडवा, कोरड्या फडक्यात धरा आणि ओढून काढा. तो राहिला तर मीठमसाला आत जात नाही आणि खाताना रबरासारखा दाताखाली येतो.

परदेशी कृतींमधला पाच-सहा तासांचा वेळ डुकराच्या बरगड्यांचा आहे. बोकडाच्या बरगडीवर मांस पातळ असतं आणि मांसातली चरबीही कमी. तेवढा वेळ ठेवली तर चामडं होतं. साडेतीन तास धरून चला, जून बोकड असेल तर चार-साडेचार.

किलोला १२ ग्रॅम मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये उघडंच ठेवा. सकाळी २० ग्रॅम गूळ पावडर, १० ग्रॅम ब्याडगी तिखट, ५ ग्रॅम भरड मिरी आणि अर्धा चमचा हळद चोळा. कांदा-लसूण मसाला आत्ता लावायचा मोह टाळा. तो आधीच भाजलेला असतो, तीन तासांच्या कोरड्या आचेत कडवट होतो. त्याची वेळ पुढे येते.

कोळसा बाभळीचा, वखारीतला चालतो. पण निवडून घ्या: लिंबाएवढे खडे ठेवा, चुरा चाळून टाका. चुरा खड्यांमधल्या फटी बुजवतो, हवा अडते आणि आच गुदमरते. पावसाळ्यात कोळसा ओल धरतो, तेव्हा आदल्या दिवशी उन्हात पसरा किंवा झाकणबंद डब्यात साठवा. पेटवायला रॉकेल नको, त्याचा वास मांसात उतरतो.

केटल म्हणजे झाकणाची गोल कोळशाची शेगडी, खाली आणि झाकणात हवेचे झरोके असलेली. ५७ सेंटीमीटरच्या केटलमध्ये एका कडेला दोन कोरड्या विटांची आड घाला. विटांमागे दीड किलो न पेटवलेला कोळसा रचा आणि त्याच्या एकाच टोकाला आठ-दहा लाल निखारे ठेवा. आग त्या टोकाकडून सरकत जाते. सगळा कोळसा एकदम पेटवलात तर पुढे कोणताही झरोका तिला आवरू शकत नाही. उरलेल्या बाजूला जाळीखाली गरम पाण्याचा ट्रे ठेवा. पाणी आचेचे चढउतार पचवतं. मांस त्या ट्रेवर, आणि झाकणाचा झरोका मांसाच्या डोक्यावर येईल असा फिरवा, म्हणजे धूर मांसावरून जाऊनच बाहेर पडतो.

लाकूड आंब्याचं किंवा पेरूचं, पूर्ण वाळलेलं, अर्ध्या मुठीएवढे तीन-चार तुकडे. भिजवू नका, ओलं लाकूड आधी वाफच सोडतं. निलगिरी, रंग दिलेली फळी, प्लायवूड नको, आणि कण्हेर तर विषारीच. पांढरा दाट धूर निघतोय तोवर मांस आत ठेवायचं नाही. धूर विरळ, निळसर झाला की ठेवा.

आता मुख्य काम. केटलमध्ये आच वाढते ती हवेने, म्हणून हात ठेवायचा तो खालच्या झरोक्यावर. वरचा झरोका पूर्ण उघडा राहू द्या. तो बंद केला की काजळीचा धूर आतच घुटमळतो. सुरुवातीला खालचा अर्धा उघडा ठेवा आणि १०० अंश दिसले की पाव करा. १२० ची वाट पाहत बसलात तर पारा १५० वर जातो आणि खाली यायला अर्धा तास खातो. प्रत्येक बदल बोटाच्या पेराएवढा, नंतर पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. ११० ते १२५ मध्ये काटा हलत असेल तर हलू द्या.

झाकणावरच्या तापमापकावर विसंबू नका, तो मांसापासून वीतभर वर असतो. प्रोब, म्हणजे वायरच्या तापमापकाची सुई, जाळीवर, मांसाच्या शेजारी लावा. आधी उकळत्या पाण्यात तपासा, पण १०० ची अपेक्षा ठेवू नका: उंचीमुळे सांगलीत पाणी साधारण ९८ ला उकळतं, साताऱ्यात साडेसत्त्याण्णवला, महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास. तेवढा फरक असेल तर यंत्र ठीक आहे.

साताऱ्यात डोंगराकडून वारा सुटला की आच अचानक चढते. केटल भिंतीच्या आडोशाला, खालचा झरोका वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवा. स्वस्त केटलच्या पायांच्या भोकांतूनही हवा शिरते, तिथे कणकेची गोळी दाबली की झालं. झाकणाला मात्र कणीक लावू नका, तो दम नाही, दोन-तीनदा उघडायचं आहे.

आच चढली तर झाकण उघडून ‘गार’ करायला जाऊ नका, आत हवा गेली की आणखी भडकते. आच पडली तर आधी राख झटका, बहुतेक वेळा झरोका राखेने बुजलेला असतो. तरी उतरलीच तर वेगळे पेटवलेले चार-पाच निखारे घाला, काळा कोळसा नको.

पावणेदोन तासांनी रंग धरला की बरगड्या दोन पदरी फॉईलमध्ये ठेवा. वर दोन चमचे तूप, एक चमचा कांदा-लसूण मसाला आणि पाव वाटी आळणी पाणी (मटण उकडलेलं पाणी) सोडून घट्ट गुंडाळा. आता सव्वा तास. इथे मांस ७० अंशांच्या आसपास रेंगाळतं, कारण वरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं; फॉईल तेच थांबवते. चिवट स्नायुबंध सुटायला आत ९० च्या पुढे जावं लागतं.

दरम्यान ५० ग्रॅम तासगावी बेदाणे गरम पाण्यात भिजवून दोन चमचे चिंचेच्या कोळासोबत वाटा, तीन चमचे काकवी घालून दाट आटवा. शेवटची वीस मिनिटं फॉईल काढून हा लेप दोनदा पातळ फासा.

चिमट्याने एका टोकाला धरून उचला. बाजू वाकून वरचं मांस भेगाळलं आणि हाडांची टोकं अर्धा सेंटीमीटर उघडी पडली की झालं. आत कडेला गुलाबी पट्टा दिसला तर ते कच्चेपण नाही, धुराची खूण आहे. हळद जास्त पडली तर तो दिसतही नाही. दहा मिनिटं झाकून ठेवा, मगच सुरी.

नंतर दोन्ही झरोके बंद करा. उरलेला कोळसा विझतो आणि पुढच्या वेळी चालतो. राख दुसऱ्या दिवशी, आणि लोखंडी बादलीतच काढा.