परदेशातून बंदूक आणताय? या चुका टाळा

परदेशातून बंदूक कशी आणायची, हे विचारणारे नाशिकमध्ये दोन प्रकारचे भेटतात. एक, जर्मन किंवा ऑस्ट्रियन रायफलीवर डोळा असलेले नेमबाज. दुसरे, परदेशातला संसार आवरून गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये नाहीतर दिंडोरीच्या मळ्यात कायमचे परतणारे. दोघांचे नियम वेगळे, पण घोडं अडतं एकाच जागी: बंदूक आधी घेतात आणि कागद मागून शोधतात.

"तिकडचं लायसन्स आहे की!"

तिकडचं लायसन्स इथे चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ खाली भारतातलंच लायसन्स लागतं आणि कस्टमचा अधिकारी तेच आधी मागतो. "नाशिकला पोचलो की अर्ज करतो" हे वाक्य विमानतळावर उच्चारूही नका.

अर्जाचं ठिकाण राहत्या पत्त्यावरून ठरतं. पंचवटी, सातपूर, नाशिक रोड, देवळाली कॅम्प म्हणजे पोलीस आयुक्तालय. निफाड, सिन्नर, दिंडोरी, ओझर म्हणजे जिल्हाधिकारी. घर शहरात आणि सातबारा दिंडोरीचा असला की फाइल हमखास चुकीच्या टेबलावर जाते. कारणात "बिबट्याचा त्रास" लिहिणारेही असतात. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे, त्याला मारायला म्हणून कुणी बंदूक देणार नाही.

लायसन्स हातात आलं की ते नीट वाचा. बोअर म्हणजे नळीचं माप; बारा बोअरच्या लायसन्सवर पॉइंट टू-टू रायफल उतरत नाही. नऊ एमएम पिस्तूल तर विसराच. तिकडे ते दुकानात सहज मिळत असेल, इथे तो प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेला बोअर आहे. तुमच्या नावावर आधीच दोन शस्त्रं असतील, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य माणसाला तिसरं मिळत नाही. आणि हद्द बघा. लायसन्स फक्त नाशिक जिल्ह्यापुरतं असेल, तर मुंबई विमानतळापासून कसाऱ्यापर्यंतचा सगळा रस्ता त्याच्या बाहेर पडतो. हद्द आधी वाढवून घ्या.

निघायच्या तोंडावर केलेली खरेदी

सगळ्यात महागात पडते ती ही. कायमचं परतणाऱ्याला परवानगी असलेल्या बोअरची एकच बंदूक सामानातून आणता येते, तीही ड्यूटी भरून. अट अशी की ती परदेशात किमान एक वर्ष तुमच्या ताब्यात आणि वापरात असली पाहिजे. पंधरा दिवसांपूर्वीची पावती आणि नवीकोरी पेटी घेऊन उतरलात तर वाद घालायलाही जागा उरत नाही. मेव्हण्याने निरोपाची भेट म्हणून दिलेली बंदूक? तीही नाही. पावती तुमच्या नावाची, तारीख वर्षाहून जुनी, आणि पावतीवरचा सीरियल नंबर बंदुकीवरच्या नंबराशी अक्षरशः जुळणारा हवा. ओ आणि शून्याची गफलत झाली तरी खुलासे देत बसावं लागतं.

ऐंशीच्या दशकात बंदुकांची व्यापारी आयात बंद झाल्यापासून जुन्या विलायती पिस्तुलांना इथे लाखांचे भाव येतात. तो हिशेब मनात असेल तर सोडून द्या. अशी आणलेली बंदूक विकता, भेट देता किंवा उसनीही देता येत नाही.

पन्नास आणि पाच किलो

काडतुसांबाबत विमान कंपनीचा नियम वजनाचा असतो, साधारणपणे माणशी पाच किलो. कस्टमचा नियम संख्येचा: पन्नासच्या वर नाही. पॉइंट टू-टूची एक डबी म्हणजेच पन्नास, त्यामुळे "पाच किलोपर्यंत चालतं" असं ऐकून डब्यांवर डबे भरणारे फसतात. बंदूक रिकामी, कुलूपबंद पेटीत आणि चेक-इन सामानात. विमान कंपनीला आधी कळवून. वाटेत विमान बदलणार असाल तर मधल्या देशाचे नियमही बघा. निघतानाच्या देशाची निर्यात परवानगी हा आणखी वेगळा कागद.

ग्रीन चॅनलमधून निघणं

ग्रीन चॅनल काही जाहीर करायचं नसणाऱ्यांचा, रेड चॅनल जाहीर करायचं असणाऱ्यांचा. कागद कितीही चोख असले तरी रेड चॅनलनेच जा आणि लेखी डिक्लेरेशन द्या. यात फायदा तुमचाच आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७७ खाली खरं डिक्लेरेशन दिलेलं असेल, तर काही अडलं तरी कलम ८० खाली वस्तू तिथेच ठेवून घेण्याची आणि भारतातून जाताना परत देण्याची विनंती करता येते. लपवून आणली आणि सापडली तर थेट जप्ती आणि गुन्हा. बंदूक ठेवून घेतली तर सीरियल नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

नेमबाजांसाठी

क्रीडा मानसतज्ज्ञ भीष्मराज बाम सरांच्या या शहरात नवी मुलं रेंजवर येतात आणि लगेच आयातीचं विचारतात. तो रस्ता 'रिनाउन्ड शॉट' झालेल्यांचा: राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेला स्कोअर, मग एनआरएआय, म्हणजे राष्ट्रीय रायफल संघटनेमार्फत कागदपत्रं. स्कोअर नसताना एजंटला आगाऊ पैसे देऊ नका. आपली रायफल घेऊन बाहेरच्या स्पर्धेला निघालात तर जातानाच कस्टमकडून निर्यातीचं प्रमाणपत्र घ्या, नाहीतर परतताना तीच रायफल नवी आयात ठरू शकते.

एअर रायफलचं थोडक्यात: ४.५ मिमी बोअर आणि २० जूलपर्यंतच्या ताकदीला शस्त्र लायसन्स लागत नाही. पण ती सूट शस्त्र नियमांतली. आयात धोरण डीजीएफटी, म्हणजे केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय ठरवतं. परदेशी वेबसाइटवर ऑर्डर टाकण्याआधी ते धोरण तपासा, आणि ताकदीचा आकडा छापलेला कंपनीचा कागद पार्सलमध्ये घालायला सांगा.