कोचला ठेवायचं की काढायचं: वाद घालायची आमची पद्धत

जानेवारी २०२० संपता संपता एफसी गोवानं, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल साखळीतल्या आमच्या क्लबनं, कोच सर्जिओ लोबेराला काढलं. साखळीचे तीन सामने बाकी होते, १५ सामन्यांत ३० गुण होते, संघ गुणतक्त्यात सगळ्यांत वर होता. आमच्या घरात त्या रात्री जे भांडण झालं तसं त्याआधी फक्त जमिनीच्या वाटणीवरून झालं होतं. काका म्हणाले, "बरं झालं." मी ताट तसंच ठेवून उठले. चुलतभाऊ दोन दिवस काकांशी बोलला नाही. आणि या सगळ्यात मुद्द्याचं कोणीच काही बोललं नाही, हे मला चार दिवसांनी कळलं.

आम्ही फोंड्याचे. घरच्या मैदानावर सामना असला की एका गाडीतून पाच जण मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जातो: काका, काकी, चुलतभाऊ, शेजारचे निवृत्त मास्तर आणि मी. मी शाळेत गणित शिकवते. त्या भांडणानंतर आम्ही वाद घालायची एक पद्धत ठरवली आणि अजून ती पाळतो. ज्यांच्या घरात, नाक्यावर किंवा ऑफिसात प्रत्येक हरलेल्या सामन्यानंतर "कोच बदला" सुरू होतं, त्यांच्यासाठी ती इथे लिहिते आहे. संघ कुठलाही असो.

पहिली गोष्ट मोसम सुरू व्हायच्या आधीच करायची. एका कागदावर प्रत्येकानं तीन ओळी लिहायच्या. या वर्षी संघ कुठल्या क्रमांकावर आला तर मी समाधानी. कुठला तरुण खेळाडू मोसमाअखेर नियमित खेळताना दिसायला हवा. आणि काय झालं तर मी स्वतः म्हणेन की कोच जाऊ दे. तिसरी ओळ सगळ्यांत जड जाते. काकांनी पहिल्या वर्षी ती कोरी ठेवली होती. "असं कसं आधी सांगणार?" म्हणाले. पण आधी सांगता येत नसेल तर नंतर जे सांगतो तो फक्त त्या दिवसाचा राग असतो. कागदाच्या घड्या करून वहीत ठेवायच्या, मोसम संपेपर्यंत दुसऱ्याची घडी उघडायची नाही.

मग वही. दोनशे पानी घ्या, एका सामन्याला एक पान. डावीकडे आपण, उजवीकडे ते. गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्सच्या आतून मारलेला प्रत्येक शॉट म्हणजे एक रेघ, बाहेरून मारलेला म्हणजे टिंब. रेघेचा गोल झाला तर तिच्याभोवती वर्तुळ. पानाच्या तळाशी तीन नोंदी: दुखापतीमुळे किंवा कार्डामुळे कोण खेळू शकलं नाही, बदली खेळाडू कितव्या मिनिटाला उतरवले, आणि आपण गोल खाल्ला तो कॉर्नर-फ्रीकिकवर, प्रतिहल्ल्यात, की आपल्याच चुकलेल्या पासवर. स्टँडमध्ये बसून हे करायला काहीच त्रास नाही. काकी चणे खात खात टिंबं मारतात आणि त्यांची मोजणी माझ्यापेक्षा अचूक असते.

पाच सामने झाले की पानं शेजारी शेजारी ठेवून बेरीज करायची. आपल्या रेघा जास्त असून आपण हरत असू तर थांबा. गोलांची वेळ पुढेमागे होते. आपल्या रेघा कमी असून आपण जिंकत असू तर काळजी करायची वेळ तीच, आणि नेमका तेव्हाच कोणी तोंड उघडत नाही. गोल खाण्याची जागा पाचांतल्या चार पानांवर सारखीच लिहिलेली असेल, समजा कॉर्नरवर, तर तो प्रश्न थेट कोचचा आहे, कारण कॉर्नरला कोणी कुठे उभं राहायचं हे तोच सरावात ठरवतो.

पाचच का, हेही सांगते. टीव्हीवर इंग्लंडचे सामने बघून आपल्याकडे बोलायची सवय लागली आहे की "कोचला निदान दहा सामने द्या". तिथे ३८ सामन्यांची लीग असते. आपल्याकडे लोबेराच्या शेवटच्या मोसमात प्रत्येक संघाला १८ सामने होते. २०२४-२५ मध्ये २४ झाले. १८ मधले दहा म्हणजे अर्ध्याहून जास्त मोसम गेला. दुसऱ्याची फूटपट्टी आणली की मोजमाप चुकतंच.

तीच गोष्ट दोन कोचची तुलना करताना. काका कुठल्याही नव्या कोचसमोर लोबेराचे आकडे ठेवतात: २०१९-२० मध्ये साखळीत १५ सामन्यांत ३२ गोल. (होय, ज्याला काढल्यावर "बरं झालं" म्हणाले, त्याचेच.) पण तेव्हा मैदानावर एका वेळी पाच परदेशी खेळाडू चालायचे. २०२१-२२ पासून चार. एक परदेशी खेळाडू कमी झाल्यावर गोलांचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे असतील तर आधी एवढं तरी बोलून घ्यायला हवं.

यानंतरची पायरी अवघड आहे. ती म्हणजे कोचच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, हे वेगळं काढणं. आमच्याकडे यासाठी दोन सामने कायम उदाहरणाला असतात.

पहिला १७ मार्च २०१९ चा, मुंबईतली फायनल. बंगळुरूविरुद्ध. ९० मिनिटांत गोल नाही, जादा वेळेत अहमद जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं, दहा जणांवर आलो आणि ११७ व्या मिनिटाला राहुल भेकेनं हेडर मारला. ०-१. त्या रात्री चुलतभाऊ म्हणाला होता की लोबेराला फायनल जिंकता येत नाही. मी विचारते, दहा जणांनी तीन मिनिटं अजून तग धरला असता आणि पेनल्टीवर आपण जिंकलो असतो, तर तोच कोच अचानक फायनल जिंकणारा झाला असता का? त्या निकालावरून कोचबद्दल काही ठरवायचं तर मला ते मान्य नाही.

दुसरा २४ एप्रिल २०२४, उपांत्य फेरीचा पहिला सामना, फातोर्डा. मुंबई सिटीविरुद्ध २-० पुढे. ९० वं मिनिट सुरू झालं तेव्हा मास्तर पायऱ्यांवरून खाली निघाले होते, गाडी काढायला. ९० ते ९६ या मिनिटांत मुंबईनं तीन गोल केले. मास्तर पार्किंगमध्ये आवाज ऐकत होते आणि त्यांना वाटलं आपला तिसरा झाला. आम्ही पाच जण गाडीत बसलो तेव्हा कोणाला शब्द फुटत नव्हता.

तेव्हाचा कोच मानोलो मार्केझ, त्याला ठेवायचं की नाही यावर मग आठवडाभर आमच्यात वाद झाला. चुलतभावाचं म्हणणं, सहा मिनिटांत तीन गोल खाणारा संघ कोचनं तयारच केलेला नाही. मी वहीची मागची पानं काढायला सांगितली, कारण शेवटच्या मिनिटांत कोसळणं ही सवय असेल तर ती आधीही कुठेतरी दिसायला हवी. त्याच मोसमात सुरुवातीचे बारा सामने हा संघ हरला नव्हता आणि साखळीत तिसरा आला होता. सवय मला दिसली नाही. मला जास्त खटकला तो पाच दिवसांनंतरचा मुंबईतला परतीचा सामना. बरोबरी साधायला एक गोल हवा होता, नव्वद मिनिटं हातात होती, आणि आपण ०-२ हरलो. वादात मी तेच पान पुढे केलं. खचलेल्या संघाला चार-पाच दिवसांत उभं करणं हे कोचचं काम, ते झालं नाही. हे मी मानोलोच्या बाजूची असूनही म्हटलं. आपल्या बाजूच्या विरोधातलं एक पान तरी स्वतः काढून दाखवायचं, हा आमचा नियम आहे, आणि या नियमानं आमच्यातला आवाज जितका खाली आला तितका दुसऱ्या कशानं आला नाही.

क्लबनं मानोलोला ठेवलं. पुढच्या मोसमात तो भारतीय संघाचाही कोच होता, म्हणजे एका माणसाकडे दोन कामं, आणि ते मला पटत नव्हतं. तरी ४८ गुणांनी दुसरा क्रमांक आला. उपांत्य फेरीत पुन्हा बंगळुरू, पुन्हा शेवटच्या मिनिटांतला घाव, या वेळी सुनील छेत्रीचा. मग मे २०२५ मध्ये जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप. माझ्या त्या वर्षीच्या कागदावर पहिल्या ओळीत "पहिल्या तिघांत" होतं. ती ओळ पूर्ण झाली, म्हणून पुढची तक्रार मी केली नाही.

आता ज्या प्रश्नावर आमचे निम्मे वाद जागच्या जागी मिटतात तो: त्याच्या जागी कोण? नाव सांगायचं. "कोणीतरी चांगला" हे नाव नव्हे. तो माणूस मोकळा आहे का, मोसमाच्या मधोमध येईल का, हे खेळाडू त्याच्या खेळात बसतील का, या तिन्हींची उत्तरं द्यायची. काका इथे नेहमी आर्मांदो कुलासोंचं नाव घेतात. काका मूळचे धेंपोवाले, म्हणजे गोव्याच्या त्या जुन्या क्लबचे. कुलासोंनी धेंपोला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, हे त्यांना तारखांसह पाठ आहे. त्यांचा मुद्दा असा की आपल्या मातीतला माणूस द्या आणि त्याला वर्षं द्या. मुद्दा चांगला आहे. पण मी त्यांना विचारते, काका, मग तुम्ही दर तिसऱ्या सामन्याला कोच बदला का म्हणता? तेव्हा ते म्हणतात, "अगो, तो वेगळा विषय." तो वेगळा नाही. ज्याला वर्षं द्यायची त्याचे वाईट महिनेही आपल्यालाच सोसायचे आहेत.

२०२० मध्ये लोबेराच्या जागी आले ते क्लिफर्ड मिरांडा, आपल्या गोव्याचे. त्यांनी तीन सामन्यांत हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२, जमशेदपूरला त्यांच्या मैदानावर ५-० हरवलं. ३९ गुण, साखळीत पहिल्या येणाऱ्याला मिळतं ते शील्ड आपल्याकडे, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब. काका म्हणाले, बघ, काढल्यावर चौदा गोल झाले. मी म्हटलं, लोबेरानं अडीच वर्षं बसवलेला खेळ तीन सामन्यांत पुसला जात नाही. उपांत्य फेरीत चेन्नईत १-४ हरलो, ७ मार्चला फातोर्ड्यात ४-२ जिंकलो आणि एका गोलानं बाहेर पडलो. आठवड्यानं फायनल आमच्याच मैदानात झाली, दुसऱ्या दोन संघांची, महामारीमुळे रिकाम्या स्टँडसमोर.

म्हणून बदलीनंतरच्या पहिल्या तीन सामन्यांवरून कोणीही जिंकलो म्हणायचं नाही. खरा हिशेब पुढच्या मोसमात लागतो, आणि त्यात एक रकाना असतो जो आम्ही २०२० मध्ये वहीत आखलाच नव्हता: कोचबरोबर कोण जाईल? लोबेरा मुंबई सिटीला गेला. त्याच मोसमात आपल्या संघातले ह्युगो बूमू, जाहू, मुर्तादा फॉल आणि आपला मंदार राव देसाई मुंबईच्या जर्सीत दिसले. मुंबईनं त्या वर्षी शील्डही घेतलं आणि चषकही, आणि उपांत्य फेरीत पेनल्टीवर हरवलं ते आपल्यालाच. चौघे फक्त कोचमुळे गेले असं मी म्हणणार नाही; पैसा असतो, करार असतो. पण "काढा" म्हणणाऱ्यानं अशा चार जागांची यादी करून त्या कशा भरायच्या हे सांगितल्याशिवाय त्याचं मत आम्ही धरत नाही. त्या रात्री मी ताट सोडून उठण्याऐवजी ही यादी काकांसमोर ठेवायला हवी होती.

कधी कधी कोच स्वतःच जातो. डिसेंबर २०२१ मध्ये हुआन फेरांडो मोसमाच्या मध्यात करारातली रक्कम भरून कोलकात्याला गेला, आणि अवघ्या काही आठवड्यांपूर्वी ड्युरँड कप जिंकलेला आपला संघ अकरात नववा आला. तेव्हापासून आम्ही मोसमाच्या आधी एवढंही बघतो की करार किती वर्षांचा जाहीर झाला आहे. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही.

वाद कधी घालायचा, हेही ठरलेलं असू द्या. सामन्याच्या रात्री नाही. फातोर्ड्याहून निघालं की बोरीचा पूल पार होईपर्यंत आमच्या गाडीत कोचचं नाव घ्यायचं नाही. काकी त्याबाबत कडक आहेत. पूल ओलांडल्यावर बोलता येतं, पण फक्त त्या पानावर जे लिहिलं आहे त्याबद्दल. कोचच्या बायकामुलांबद्दल, त्याच्या भाषेबद्दल, देशाबद्दल कोणी बोललं तर मास्तर गाडी थांबवतात. खरंच थांबवतात, एकदा चुलतभावाला त्यांनी रस्त्याकडेला उतरवून माफी मागेपर्यंत उभं केलं होतं. स्टँडमध्ये घोषणा द्यायच्या तर संघासाठी. कोच बसतो त्या डगआउटकडे तोंड करून "गो बॅक" ओरडणाऱ्यांच्या शेजारी आम्ही बसत नाही, उठून दुसरीकडे जातो.

मोसम संपल्यावरच्या रविवारी सकाळी काकांच्या ओट्यावर पातळभाजी-पाव आणि वही. सगळ्या घड्या उघडायच्या. प्रत्येकानं आपली तिसरी ओळ मोठ्यानं वाचायची, मग चिठ्ठीवर "राहावा" किंवा "जावा". गेल्या खेपेला काकांची तिसरी ओळ पहिल्यांदाच भरलेली निघाली. त्यात लिहिलं होतं: "पोरं खेळायची बंद झाली तर." त्यांनी ती वाचली, वहीतली पानं उलटून गोव्याचे किती मुलगे किती सामने खेळले ते बोटांवर मोजलं, आणि चिठ्ठीवर "राहावा" लिहून पाव उचलला.