संख्याशास्त्राची सुरुवात पाच आकड्यांपासून करा

मानसशास्त्र किंवा समाजशास्त्राला संख्याशास्त्राचा पेपर आला की बरेच जण आधी सूत्रं पाठ करायला घेतात आणि तिथेच अडकतात. त्याऐवजी पाच आकडे घ्या आणि कागदावर सोडवा.

समजा, नाशिकरोडहून कॉलेज रोडला पोचायला पाच विद्यार्थ्यांना ३०, ३५, ३५, ४० आणि ६० मिनिटं लागली. बेरीज २००, मध्यमान (म्हणजे सरासरी) ४०. चढत्या क्रमाने मांडल्यावर मधला आकडा ३५, ती मध्यगा. आता प्रत्येक आकड्यातून ४० वजा करा: –१०, –५, –५, ०, २०. यांची बेरीज शून्यच यायला हवी. आली नाही तर तिथेच थांबून चूक शोधा. मग वर्ग: १००, २५, २५, ०, ४००. एकूण ५५०. याला ४ ने भागायचं, कारण मध्यमान याच आकड्यांवरून काढलंय आणि चार फरक कळले की पाचवा आपसूक ठरतो. भागाकार १३७.५, त्याचं वर्गमूळ ११.७३. हे झालं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे मध्यमानापासून साधारण किती दूर पसरलेत याचं माप. तुमचं उत्तर १०.४९ आलं असेल तर तुम्ही किंवा कॅल्क्युलेटरने ५ ने भागलंय. नमुन्यासाठी, म्हणजे मोठ्या गटातून निवडलेल्या थोड्या जणांच्या आकड्यांसाठी, एक्सेलमध्ये ‘एसटीडीईव्ही.एस’ वापरा, ‘एसटीडीईव्ही.पी’ नको.

आता ५५० कडे पुन्हा बघा. त्यातले ४०० एकट्या ६० मिनिटांचे आहेत! ते वगळून गणित केलं तर विचलन ४.०८ वर येतं, मध्यमानही ४० वरून ३५ वर घसरतं, पण मध्यगा ३५च राहते. उत्पन्नाची माहिती देताना मध्यगा का सांगतात, ते इथे नीट कळतं. पण आकडा गैरसोयीचा म्हणून वगळायचा नाही; नोंद चुकली आहे का, एवढंच तपासायचं.

सॉफ्टवेअरकडे यानंतर वळा. जामोवी फुकट मिळतं आणि पुरेसं आहे. राहण्याच्या ठिकाणांना पंचवटी १, सातपूर २, सिडको ३ असे कोड दिले असतील तर त्या चलाचा (माणसागणिक बदलणाऱ्या माहितीचा) प्रकार ‘नामिक’, म्हणजे आकडा फक्त नावापुरता, असा ठेवा आणि त्याचं मध्यमान काढू नका, नाहीतर राहण्याच्या ठिकाणाचं ‘मध्यमान १.८’ असलं निरर्थक उत्तर समोर येईल.

फरक किंवा संबंध तपासायची चाचणी निवडताना आधी चलांचे प्रकार पाहायचे. दोन स्वतंत्र गटांच्या गुणांची मध्यमानं ताडायची तर टी-चाचणी, दोन्ही चलं नामिक असतील तर काय-वर्ग. काय-वर्गाच्या तक्त्यात अपेक्षित वारंवारता (दोन चलांत संबंध नसता तर त्या चौकटीत आली असती ती संख्या) ५ पेक्षा कमी असलेल्या चौकटी जास्त असल्या तर निकालावर भिस्त ठेवू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो चाचणीच्या निकालात येणाऱ्या पी-मूल्यात. ०.०३ म्हणजे ‘शून्य परिकल्पना (गटांत फरक नाही, हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के’ नव्हे. खरोखर फरक नसता, तरी इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता ३ टक्के, असा त्याचा अर्थ. फरक किती मोठा आहे, हे त्यातून कळतच नाही. त्यासाठी सोबत परिणामाचं माप (इफेक्ट साइझ) द्या.

आणि सर्वेक्षणाचे फॉर्म फक्त कॉलेज रोडच्या कट्ट्यांवर भरून घेतले असतील, तर अहवालात ‘नाशिकचे तरुण’ असं लिहू नका. अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी मुलं त्यात आलेलीच नसतात.